स्पेनचा तापा आणि झाकलेले ताट



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘तापा’ असे सांगितले. त्यांनी तो टिपून घेतला आणि काळजीच्या सुरात विचारले, “म्हणजे हिवताप वगैरे का? मग एखाद्या डॉक्टरांनाच अध्यक्ष म्हणून बोलावू.” मी म्हणालो, ताप नव्हे, तापा. स्पेन देशात लोक घराबाहेर पडून उभ्याउभ्या जे चार घास खातात, ते. यावर ते काही बोलले नाहीत. परंतु काल याच व्यासपीठावर लोकशाहीच्या भवितव्याची चर्चा झाली, उद्या विश्वाच्या उत्पत्तीची होणार, आणि मधल्या दिवशी हा गृहस्थ खाण्यावर बोलणार, हा भाव त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ वाचता आला.

त्यांची शंका रास्त आहे. म्हणून आरंभीच सांगतो की मी पाककृती सांगायला उभा राहिलेलो नाही. एका समाजाने खाणे, पिणे, चालणे आणि बोलणे या चार गोष्टी एकमेकींत कशा गुंफल्या आणि त्यातून काय साधले, एवढाच माझा विषय आहे. आणि तो मला स्पेनमध्ये सुचला असला, तरी बोचला मात्र घरी परतल्यावर. ते का, हे शेवटी सांगेन.

आपल्यापैकी काहींच्या मनात एव्हाना एक शब्द आला असेल. सभेत तो मोठ्याने उच्चारायचा संकोच वाटत असेल, म्हणून मीच उच्चारतो : चखणा. मद्याबरोबर तोंडात टाकायला काहीतरी, ते हेच ना? मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. नावात आणि तपशिलात बदल होऊन तो कायदा महाराष्ट्रात अजून आहे, आणि परवान्याच्या वाटेने मद्यही आहे. या दोहोंच्या तडजोडीतून ‘परमिट रूम’ नावाची जी खोली आपल्याकडे जन्मास आली, तिच्यातल्या खारे दाणे आणि चण्यांच्या बशीला आपण चखणा म्हणतो. उगम पाहिला तर तापा हा या चखण्याचा सख्खा भाऊ आहे. पण दोन भावांपैकी एक घरच्या ओट्यावरच बसून राहिला आणि दुसऱ्याने जग पाहिले, असे पुष्कळदा होते. तसेच येथे झाले आहे. चखणा अजून मद्याची चाकरी करतो. स्पेनमध्ये चाकर धनी झाला. पेला लहान झाला आणि बशीची प्रतिष्ठा वाढली.

‘तापा’ या स्पॅनिश शब्दाचा मूळ अर्थ झाकण. ‘तापार’ म्हणजे झाकणे. झाकणाचा खाद्यपदार्थ कसा झाला, याविषयी कथा पुष्कळ आहेत. एक कथा तेराव्या शतकातल्या दहाव्या आल्फोन्सो राजाची. हा १२५२ ते १२८४ या काळात गादीवर होता आणि ‘शहाणा आल्फोन्सो’ म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहे. आजारपणात वैद्यांनी त्याला थोडथोडी वाइन आणि तिच्याबरोबर लहान लहान घास घ्यायला सांगितले. त्याचा गुण आला म्हणून राजाने फर्मान काढले की राज्यातल्या मद्यगृहांनी अन्नावाचून मद्य देऊ नये. दुसरी कथा अलीकडच्या तेराव्या आल्फोन्सोची. कादिझच्या समुद्रकाठी एका खानावळीत तो थांबला असता वारा सुटला. पेल्यात वाळू जाऊ नये म्हणून वाढप्याने त्यावर हॅमचा काप झाकला. राजाने तो काप खाल्ला, वाइन संपवली आणि आणखी एक पेला ‘झाकणासकट’ आणायला सांगितले. दोन्ही कथा गोड आहेत आणि दोन्हींना पुराव्याचे पाठबळ बेताचेच आहे. लोकांच्या सवयींचे श्रेय राजांना देण्याची खोड सर्वच देशांत असते. मला वाटते, खरा इतिहास साधा असावा. आंदालुसिया हा दक्षिणेकडचा उष्ण प्रांत. तेथे माशा, चिलटे आणि धूळ यांना तोटा नाही. पेल्यावर पावाचा तुकडा किंवा बशी ठेवावी, बशीत दोन ऑलिव्ह असावेत, हे सुचायला राजा कशाला हवा?

आता माझी फजिती सांगतो. २०१८ च्या वसंत ऋतूत मी प्रथम स्पेनला गेलो. सेव्हिलमध्ये पोहोचलो त्या संध्याकाळी सात वाजता भूक लागली. जवळच एक उपाहारगृह दिसले. आत शिरून मी टेबल पकडले, पदार्थांची यादी मागवली आणि सहा पदार्थांवर बोट ठेवून सहाही एकदम आणायला सांगितले. वाढप्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्यासमोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले. त्याला वाटले असावे की आणखी मंडळी यायची आहेत. सहा बशा आल्या, टेबल भरले, आणि मी एकटा हिशेब तपासणाऱ्या कारकुनासारखा एकेक बशी संपवत बसलो. तिसऱ्या बशीपर्यंत उरलेल्या तीन थंड झाल्या. बिल भरून बाहेर पडलो तेव्हा पोट भरले होते आणि आपण काहीतरी चुकीचे केले आहे एवढे मात्र कळले होते.

दुसऱ्या दिवशी माझे यजमान भेटले. तेथल्या महाविद्यालयात इतिहास शिकवणारे हे गृहस्थ. त्यांना मी आदल्या रात्रीचा पराक्रम सांगितला. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, “तुम्ही तीन चुका केल्यात. लवकर गेलात, बसलात आणि एकटे गेलात. यांतली पहिली मी माफ करतो, दुसरी विसरतो, पण तिसरीला क्षमा नाही.” त्या रात्री साडेनऊला ते मला घेऊन निघाले.

या वेळेचेही थोडे सांगायला हवे. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन-तीन वाजता आणि रात्रीचे नऊ-दहाला. याचे एक कारण मोठे गमतीचे आहे. स्पेन भूगोलाने इंग्लंडच्या रांगेत. पण १९४० साली फ्रँकोच्या राजवटीने देशातली घड्याळे एक तास पुढे करून मध्य युरोपच्या वेळेशी जुळवली. युद्ध संपले, फ्रँको गेला, घड्याळे मात्र मागे आली नाहीत. त्यामुळे सूर्य एका वेळेने चालतो आणि घड्याळ दुसऱ्या. दुपारच्या जेवणाआधीचे आणि रात्रीच्या जेवणाआधीचे जे लांबलचक तास उरतात, त्यांच्यात तापाने आपली जागा केली आहे.

यजमानांनी मला ‘एल रिंकोन्सियो’ या ठिकाणी नेले. हे १६७० पासूनचे मद्यगृह आहे. शिवछत्रपतींनी सिंहगड परत घेतला त्या वर्षाचे, हे लक्षात ठेवले म्हणजे सन विसरत नाही. छताला डुकराच्या खारवून वाळवलेल्या मांड्या टांगलेल्या, त्यांतून गळणारी चरबी पकडायला प्रत्येकीखाली लहानशी वाटी. समोर गडद लाकडाचा लांब काउंटर, त्याला खेटून माणसे उभी. आम्ही काय मागवले ते वाढप्याने कागदावर लिहिले नाही. खडूने आमच्यासमोर त्या लाकडावरच आकडे मांडले. निघताना बेरीज केली, पैसे घेतले आणि फडक्याने पुसून टाकले. पाटीवर गणित मांडून पुसावे तसे. तेवढ्या जागेत लगेच दुसऱ्याचा हिशेब सुरू झाला.

मी शाकाहारी आहे हे यजमानांना ठाऊक होते. स्पेनमध्ये शाकाहारी माणसाची परीक्षा असते, हे आपल्याला सांगून ठेवतो. एका ठिकाणी मी विचारले, “यात मांस नाही ना?” वाढपी आत्मविश्वासाने म्हणाला, “मुळीच नाही. थोडे हॅम आहे एवढेच.” त्याच्या लेखी हॅम हे मांस नसून मिठासारखी एक चव होती. पण रिंकोन्सियोमध्ये माझ्यापुढे आली ती पालक आणि काबुली चण्यांची बशी. लसूण, जिरे आणि लाल मिरचीची पूड घातलेली. पहिला घास घेतला आणि क्षणभर मी सेव्हिलमध्ये आहे की आमच्या आळीत, हेच कळेना.

यजमान इतिहासाचे प्राध्यापक असल्याने त्यांनी ती संधी सोडली नाही. इ. स. ७११ मध्ये मुसलमान फौजा स्पेनमध्ये उतरल्या आणि १४९२ मध्ये ग्रानादा पडले. या आठ शतकांत अरबी भाषा स्पॅनिश स्वयंपाकघरात कायमची राहायला आली. त्यांच्या साखरेला ते ‘असूकार’ म्हणतात. तो शब्द अरबी ‘सुक्कर’वरून आला आणि त्याचे मूळ आपली ‘शर्करा’. त्यांचे ‘नारांहा’ हे संत्रे आपल्या ‘नारंगा’चे वंशज. मांसाच्या गोळ्यांच्या एका प्रसिद्ध तापाला ‘आल्बोंदिगा’ म्हणतात. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे एक गोल कवचाचे फळ आणि त्यावरून गोळी. त्याच शब्दापासून आपल्याकडे ‘बंदूक’ आली. एकाच शब्दाचे स्पेनमध्ये खाद्य झाले आणि आपल्याकडे हत्यार.

पुढे कोर्दोबा शहरात तर मी थक्कच झालो. वांग्याचे पातळ काप तळून त्यांवर उसाची काकवी सोडलेली बशी समोर आली. वांग्याला ते ‘बेरेन्हेना’ म्हणतात. फारसी आणि अरबी मुक्काम करीत गेलेला तो मूळचा आपल्याकडचा संस्कृत शब्द आहे, आणि आपले ‘वांगे’ही त्याच कुळातले समजतात. ऊसही पूर्वेकडूनच अरबांबरोबर तिकडे गेला. मालागा प्रांतातल्या फ्रिहिलियाना गावी उसाची काकवी अजूनही बनते. वांगे आपल्याकडचे, काकवी आपल्या ओळखीची, पण ही दोघे एका बशीत भेटली ती सहस्र कोस दूर जाऊन. माहेरी कधी एकमेकींशी न बोललेल्या दोन मुली सासरी शेजारणी व्हाव्यात, तसा प्रकार.

उलट दिशेची देवघेवही आहे. तापामध्ये बटाट्याला फार मान. अंडी आणि बटाट्याचे जाड थालीपिठासारखे ‘तोर्तिया’, आणि तळलेल्या फोडींवर तिखट रस्सा घातलेले ‘पातातास ब्राव्हास’, हे दोन तापा देशभर मिळतात. तोर्तियात कांदा घालावा की घालू नये, यावर तेथे घराघरांत पक्ष पडलेले आहेत. हा बटाटा आणि ही मिरची दोन्ही अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात स्पॅनिश आणि पोर्तुगीज गलबतांतून ती जगभर पसरली. ‘बटाटा’ हा आपला शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला आहे. तेव्हा सेव्हिलमध्ये आपल्याला काही परके वाटले नाही, तर त्यात नवल नाही. आपले पूर्वज आणि त्यांचे पूर्वज यांनी न भेटताच एकमेकांच्या चुलीत डोकावलेले आहे.

पण पदार्थांच्या या वर्णनात मूळ मुद्दा निसटू नये. रिंकोन्सियोमध्ये आम्ही एक पेला आणि दोन बशा घेतल्या. मी तिसऱ्या बशीकडे वळणार, तोच यजमान म्हणाले, “चला.” मी म्हणालो, “आत्ताच तर आलो.” ते म्हणाले, “म्हणूनच चला.” तापाची ही रीत आहे. एका ठिकाणी थोडे खावे आणि पुढे चालावे. या भटकंतीला ‘तापेओ’ असे नावच आहे. एका संध्याकाळी तीन-चार ठिकाणे होतात. मधल्या अंतरात पाय मोकळे होतात, घास जिरतो, वाटेत आणखी दोन ओळखीचे भेटून घोळक्यात सामील होतात.

उत्तरेकडच्या लोग्रोन्यो शहरात लाउरेल नावाची गल्ली आहे. गल्ली आखूड, पण दुतर्फा दाटीने अशी ठिकाणे. आणि पुष्कळांची ख्याती एकेका पदार्थापुरती. एका ठिकाणी तव्यावर परतलेल्या अळंब्या एकावर एक रचून, वर एक कोळंबी खोचून पावावर देतात. लोक त्यासाठी तेथे येतात आणि दुसऱ्या पदार्थासाठी शेजाऱ्याकडे जातात. अमक्याची मिसळ आणि तमक्याची भजी हा हिशेब जाणणाऱ्या आपल्या शहराला हे समजावून सांगायला नको. फरक इतकाच की तेथे शेजाऱ्याचे गिऱ्हाईक हे आपलेही गिऱ्हाईक असते. एकाच्या दुकानात माणूस फार वेळ बसला तर पूर्ण गल्लीचा धंदा बसेल.

बास्क प्रांतातल्या सान सेबास्तियान शहरात तापाला ‘पिंचो’ म्हणतात. टोचणे या अर्थाच्या क्रियापदावरून हा शब्द आला, कारण घास काडीने टोचलेला असतो. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध पिंचो म्हणजे एका काडीवर ऑलिव्ह, मुरवलेली हिरवी मिरची आणि खारवलेला मासा. त्याचे नाव ‘हिल्दा’. १९४६ साली रीटा हेवर्थ या नटीचा ‘गिल्डा’ चित्रपट आला, त्यावरून हे नाव पडले; नायिकेसारखाच हा घास खारट, तिखट आणि अंमळ चावट आहे, असे तेथले लोक सांगतात. या शहरात काउंटरवर बशा मांडलेल्या असतात. आपण उचलायचे, खायचे आणि निघताना किती खाल्ले ते आपणच सांगायचे. काही ठिकाणी काड्या मोजतात, काही ठिकाणी नुसता शब्द पुरतो. मी एकाला विचारले, “लोक खोटे सांगत नसतील का?” तो म्हणाला, “सांगत असतील. पण उद्या त्यांना याच काउंटरवर माझ्यासमोर उभे राहायचे आहे.” नीतिशास्त्रावर यापेक्षा थोडक्यात मी काही ऐकलेले नाही.

आता, स्पेन म्हणजे स्वर्ग असे मी म्हणत नाही. पेला लहान असला तरी त्यात मद्य आहे आणि मद्याने उद्ध्वस्त झालेली घरे तेथेही आहेत. झिंगून गोंधळ घालणे तेथे लाजिरवाणे समजतात, इतकेच. दीर्घकाळ ही मद्यगृहे पुरुषांची होती. बास्क प्रांतात एकत्र रांधून जेवणाऱ्या मंडळींची जी ‘खाद्यमंडळे’ आहेत, त्यांत कित्येक वर्षे स्त्रियांना प्रवेशच नव्हता. आज काउंटरवर आजी, नात, सून सगळ्या दिसतात. बाबागाडीत मूल झोपलेले असते. पण हे आपोआप झाले नाही आणि फार जुनेही नाही. आणि जमिनीवर टाकलेले कागदी रुमाल? जुन्या ठिकाणी ते खालीच टाकायची चाल होती. जितका कचरा जास्त तितकी जागा नावाजलेली असे समजत. आमच्या सौभाग्यवतींनी हे ऐकले तेव्हा त्या म्हणाल्या, “मग तुमची खोली जगप्रसिद्ध व्हायला हवी.”

परंतु जेथे माणसे रोज, खांद्याला खांदा लावून, विनाकारण भेटतात, तेथे कधीतरी काही कारणही निघते. माद्रिदमध्ये ‘कासा लाब्रा’ नावाचे १८६० सालचे मद्यगृह आहे. तळलेल्या कॉड माशासाठी आजही तेथे रांग लागते. याच जागी २ मे १८७९ रोजी पाब्लो इग्लेसियास या मुद्रणकामगाराने आपल्या सोबत्यांना जमवून स्पेनचा समाजवादी कामगार पक्ष गुप्तपणे स्थापन केला. त्यांतले बरेचसे छापखान्यात खिळे जुळवणारे होते. ज्यांना सभागृह मिळत नाही, त्यांना काउंटर मिळतो. पुढे या पक्षाने देशाला पंतप्रधान दिले. अर्थात प्रत्येक बशीतून पक्ष निघत नाही, आणि ते बरेच आहे.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला, त्याकडे येतो.

सेव्हिलहून मी ग्रानादाला गेलो आणि तीन आठवडे एका जुन्या वस्तीत खोली घेऊन राहिलो. ग्रानादाची चाल अशी की पेला मागवला की तापा फुकट येतो. काय आणायचे ते दुकानदार ठरवतो. माझ्या खोलीखाली असेच एक साधे ठिकाण होते. मालक पन्नाशीचा, हाताखाली त्याचा तरुण मुलगा. रोज दुपारी एकच्या सुमारास तेथे काठी टेकत एक वृद्ध गृहस्थ येत. रेल्वेतून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, मुलगी परदेशात. काउंटरच्या डाव्या कोपऱ्यात त्यांची जागा ठरलेली. ते आले की न विचारता लहान पेला आणि बशी पुढे येई. अर्धा तास ते उभे राहत. येणारा प्रत्येक जण त्यांच्याशी दोन शब्द बोले. कोणी चेंडूच्या सामन्याविषयी, कोणी गुडघ्याविषयी, कोणी सरकारला शिव्या देण्यापुरते. मग ते टोपी घालून घरी जात.

एके दिवशी ते आले नाहीत. सव्वा वाजला. मालकाने दाराकडे पाहिले. दीड वाजला, तेव्हा त्याने कमरेचे फडके काउंटरवर टाकले आणि मुलाला म्हणाला, “जा, बघून ये.” दुकानात गर्दी होती, तरी मुलगा निघाला. वीस मिनिटांनी परतला. सर्दी झाली आहे, आराम करताहेत, उद्या येतो म्हणाले. सर्व काउंटरने तो निरोप ऐकला आणि पुन्हा गप्पा सुरू झाल्या.

मी पेला हातात धरून उभा होतो. मला माझे वडील आठवले.

आई गेल्यानंतर वडील चार वर्षे आमच्याजवळ होते. त्यांची आम्ही हेळसांड केली असे कोणी म्हणणार नाही. औषधे वेळेवर होती, अंथरूण स्वच्छ होते. पण माझी नोकरीची वेळ वेगळी, पत्नीची वेगळी, मुलांच्या शिकवण्या वेगळ्या. सकाळी पत्नी त्यांचे ताट वाढून झाकून ठेवत असे. साडेबाराला ते झाकण काढून एकटे जेवत आणि ताट घासून पालथे घालत. संध्याकाळी मी विचारी, “जेवलात ना?” ते म्हणत, “जेवलो.” चार वर्षांत या दोन वाक्यांत एका शब्दाचीही भर पडली नाही. त्या ताटात काही कमी नव्हते, म्हणून आम्हीही निश्चिंत होतो. एके दिवशी दीड वाजता त्यांनी झाकण काढलेले नाही, हे कोणाला कळले असते? आम्हाला कळले ते संध्याकाळी सहाला.

तेव्हा ते गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले असावेत, कोणी जवळ असते तरी उपयोग झाला नसता. मी ते मान्य केले. पण ग्रानादात त्या मुलाला दार ढकलून बाहेर जाताना पाहिले, तेव्हा डॉक्टरांचे ते वाक्य मला पुरेनासे झाले.

पुढे १४ मार्च २०२० रोजी स्पेनमध्ये महामारीमुळे आणीबाणी जाहीर झाली. देशभरची मद्यगृहे, उपाहारगृहे बंद झाली. नंतर दारे उघडली, तरी बऱ्याच प्रांतांत काउंटरशी उभे राहायला मनाई होती. लांब लांब टेबलांवर बसा, असा नियम. मी यजमानांना फोन केला. ते म्हणाले, “क्रोकेत घरी तळता येते हो. पण शेजारच्या माणसाचा कोपर घरी कुठून आणायचा?” मी ग्रानादाच्या त्या वृद्ध गृहस्थांविषयी विचारले. यजमानांचा भाचा त्याच वस्तीत राहतो; त्याने चौकशी करून कळवले. दुकान बंद होते त्या सर्व काळात मालकाचा मुलगा रोज एक वाजता एका बशीवर दुसरी बशी झाकून त्यांच्या दारी नेत असे. बशी उंबऱ्यावर ठेवून तो चार पावले मागे सरके आणि म्हातारबुवा झाकण काढून पहिला घास घेईपर्यंत तेथेच जिन्यात उभा राही. मग दोघे थोडा वेळ सरकारला शिव्या देत.

तापा आज जगभर गेला आहे. लंडन, न्यूयॉर्क आणि आपल्या मुंबईतही ‘तापास’ या नावाखाली उपाहारगृहे निघाली. उंची खुर्च्या, मंद दिवे, लहान बशी आणि मोठे बिल. जावे, खावे, पदार्थ उत्तम असतात. पण तेथे मी सेव्हिलच्या पहिल्या रात्रीसारखा बसतो. सगळे एकाच टेबलावर, सगळे एकदम, आणि शेजारच्या टेबलावर कोण आहे हे पाहणे असभ्य. झाकण तेवढे आले. ज्या पेल्यावर ते होते तो तिकडेच राहिला. खुद्द स्पेनमध्येही मोठ्या शहरांतल्या जुन्या वस्त्यांत भाडी चढली आहेत, प्रवाशांची गर्दी वाढली आहे, आणि डाव्या कोपऱ्यातली जागा कोणासाठी राखून ठेवणे दुकानदाराला परवडेनासे होत आहे.

आपण काय करावे, हे सांगायचा मला अधिकार नाही. गल्लोगल्ली तापाची दुकाने काढा असे मी म्हणणार नाही. चिटणीस मला पुन्हा बोलावणार नाहीत. आपल्याकडे देवळाचा पार होता, चावडी होती, चहाचे दुकान अजून आहे, आणि वसंतात ही व्याख्यानमाला आहे. गेली कित्येक वर्षे येथे तिसऱ्या रांगेत त्याच खुर्चीवर येऊन बसणारी मंडळी मला येथून दिसत आहेत. त्यांतली एखादी खुर्ची उद्या रिकामी दिसली तर दीड वाजेपर्यंत थांबावे आणि मग कोणाला तरी पाठवावे, एवढेच मला सुचते. आणि घरी झाकलेले ताट असेल, तर ते उघडले जाते तेव्हा शेजारी कोणीतरी असावे.

व्याख्यान संपल्यावर मी घरी जाऊन जेवणार आहे. माझा मुलगा हल्ली माझे ताट झाकून ठेवत नाही. कितीही उशीर झाला तरी थांबतो. त्याला मी हे कधी सांगितलेले नाही, पण आज तो मागच्या रांगेत बसला आहे.